उधारीचा विनोद

शेक्सपिअरचें ‘व्हेनिसचा व्यापारी’ हें नाटक वर्गांत शिकवितांना एक प्रसंग आमच्या वाट्यास हटकून येत असे. शायलॉकची मुलगी घरांतील धन घेऊन पळून गेली आहे. मुलीसाठीं रडावें कीं धनासाठीं रडावें हें न कळून तो व्हेनिसच्या रस्त्यांतून आक्रोश करीत फिरतो. आणि त्याची ती दशा दुसरीं पात्रें नक्कल करून सांगतात. हा भाग वाचूं लागलों कीं वर्ग खदखदून हंसे, आणि खरें सांगावयाचें तर आम्हीहि हंसत असूं. एके वर्षीं मात्र तिसऱ्या बांकावर बसणारा एक विद्यार्थी इतरांच्या मागून हंसला. अलिबागकडील एका बेने इस्रायल कुटुंबांतला तो मुलगा. त्यानें तक्रार केली नाहीं कीं कपाळाला आठी घातली नाहीं. सर्व हंसत आहेत असें पाहून, क्षणभर थांबून, तोहि हंसला. तो मधला क्षण आमच्या मनांत कायमचा राहून गेला. विनोदाच्या शास्त्राविषयीं आम्हीं पुढें जें वाचलें त्यांत या क्षणाचा उलगडा आम्हांस सांपडला नाहीं. तो थोडाबहुत सांपडला तो अगदीं अनपेक्षित ठिकाणीं, म्हणजे कांहीं जुन्या फ्रेंच विनोदपटांत.

फ्रान्सांत बोलपट नुकताच अवतरला होता, त्या काळची ही गोष्ट आहे. आंद्रे ह्युगों या दिग्दर्शकानें १९२९ सालीं ‘तीन मुखवटे’ हा फ्रेंच भाषेंतील अगदीं पहिल्या बोलपटांपैकीं एक बोलपट इंग्लंडांत ट्विकनहॅम येथें जाऊन तयार केला. पुढल्याच वर्षीं, १९३० सालीं, त्यानें ‘लेव्ही आणि कंपनी’ हा विनोदपट काढला. सालोमों लेव्ही आणि मोईज लेव्ही हे दोन यहुदी व्यापारी त्याचे नायक. लिऑं बेलिएर आणि शार्ल लामी या रंगभूमीवर मुरलेल्या नटांची जोडी त्यांत होती. चित्रपट लोकांना आवडला असला पाहिजे. कारण १९३२ सालीं ‘लेव्ही आणि कंपनीचें भांडार’, १९३५ सालीं ‘मोईज आणि सालोमों, अत्तरवाले’, आणि १९३६ सालीं ‘कुमारी लेव्हीचे विवाह’ अशी ही मालिका पुढें चालूच राहिली.

या नांवांकडेच वाचकांनीं क्षणभर पाहावें. पहिलीं तीन नांवें म्हणजे शुद्ध दुकानाच्या पाट्या आहेत. चित्रगृहाच्या बाहेर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला आंत कोण भेटणार हें पाटीवरूनच कळतें, आणि कोणत्या गोष्टीला हंसावयाचें हेंहि त्याला तेथेंच कळून चुकतें. मोईज, सालोमों, लेव्ही हीं नांवें वाचलीं कीं घासाघीस, चिक्कूपणा, पैशाची हांव, नात्यागोत्याची दाट गुंतागुंत हें सगळें सामान प्रेक्षक घरूनच बरोबर घेऊन येतो. चित्रपट काढणाराला स्वभावचित्रणाचे श्रम उरत नाहींत. आमच्या मतें असा विनोद हा उधारीवर चालणारा विनोद होय. यांत दुकान मांडणारा स्वतःचें भांडवल घालीतच नाहीं. गिऱ्हाइकाच्या मनांत पिढ्यान्‌पिढ्या सांठलेला पूर्वग्रह तो उसना घेतो, त्यावर हंशाचा नफा मिळवितो, आणि खेळ संपल्यावर तें भांडवल थोड्या व्याजासह गिऱ्हाइकाला परत करतो. प्रेक्षक आनंदानें घरीं जातो. फक्त त्याचा पूर्वग्रह जातांना येतांनाच्यापेक्षां किंचित्‌ जाड झालेला असतो.

ह्युगोंवर अन्याय करण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याचे लेव्ही हे खलपुरुष नव्हेत. ते नायक आहेत, आणि प्रेक्षकानें त्यांच्याशीं स्नेह जोडावा अशीच त्या मालिकेची अपेक्षा आहे. पॅरिसमधील कित्येक यहुदी प्रेक्षकहि त्या चित्रगृहांत बसून हंसले असतील. पण ते इतरांच्या आधीं हंसले कीं मागून, हा प्रश्न आम्हांस सोडवत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, मग कृपण माणसाला हंसूंच नये काय? अवश्य हंसावें. फ्रेंच रंगभूमीचा सर्वांत प्रसिद्ध कृपण जो हार्पागों, त्याला मोलिएरनें १६६८ सालीं रंगभूमीवर आणलें, आणि तेव्हांपासून जग त्याला हंसत आलें आहे. परंतु हार्पागोंला कंजूष ठरविण्यासाठीं मोलिएरला त्याची जात सांगावी लागली नाहीं. तो पॅरिसचा एक खातापिता गृहस्थ आहे, एवढेंच. त्याची कृपणता आपल्यासमोर घडते. घोड्यांच्या पोटाला, मुलांच्या लग्नाला, पाहुण्यांच्या पानाला ती चिमटा घेतांना आपण पाहतों. म्हणूनच प्रत्येक घराला त्यांत आपल्याच एखाद्या काकांचा चेहरा दिसतो. हार्पागों हा एक माणूस असल्यामुळें सर्वांचा झाला. ह्युगोंचा सालोमों हा आरंभापासूनच एका समाजाचा नमुना असल्यामुळें माणूस होण्याची संधि त्याला फारशी मिळालीच नाहीं.

शिवाय, यहुदी म्हणजे दुकानदार हें समीकरण तरी स्वभावसिद्ध आहे काय? मध्ययुगीन युरोपांत पुष्कळ ठिकाणीं यहुद्यांना जमीन धारण करण्याची बंदी होती, आणि कारागिरांच्या संघांचे दरवाजेहि त्यांना बंद होते. फेरीचा व्यापार आणि सावकारी हे धंदे तेवढे मोकळे राहिले. फ्रान्सांत राज्यक्रांतीनंतर, १७९१ च्या सप्टेंबरांत, त्यांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क मिळाले. तोंवर धंद्याची घडण होऊन गेली होती. याच्या उलट उदाहरण आम्हां मराठी माणसांच्या अंगणांतच आहे. आमच्या कोंकणांत शतकानुशतकें राहिलेले बेने इस्रायल लोक मराठी बोलले, घाण्यावर तेल गाळूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनीं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलें. पुढें त्यांच्यांतले कित्येक पलटणींत आणि सरकारी नोकरींत शिरले. त्यांचाहि ग्रंथ तोच, सणवार तेच. परंतु पैशाच्या हांवेवरून त्यांची थट्टा करण्याचें कोंकणांत कोणाला सुचलें नाहीं. धंदा रक्तांत नसतो. तो कायद्यांत, जमिनींत आणि मिळालेल्या संधींत असतो. आमच्या त्या विद्यार्थ्याचे पूर्वज सावकार नव्हते. तरीहि शायलॉकवरचा हंशा आपल्याकडे वळेल कीं काय, हें पाहण्यापुरतें त्याला थांबावें लागलें. उधारीचा विनोद हा असा दूरदेशींच्या निरपराध माणसाच्या नांवावरहि कर्ज मांडून ठेवतो.

आतां दुसरी पाटी पाहा. जर्मनांनीं पॅरिस घेतल्यानंतर २७ सप्टेंबर १९४० च्या हुकुमान्वयें व्याप्त फ्रान्समधील प्रत्येक यहुदी दुकानावर जर्मन आणि फ्रेंच अशा दोन भाषांत ‘यहुदी दुकान’ अशी पाटी लावणें सक्तीचें झालें. पुढल्या वर्षीं फ्रेंच सरकारच्याच कायद्यानें तीं दुकानें मालकांच्या हातून काढून घेण्याची व्यवस्था झाली. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस आणि तिच्या परिसरांत फ्रेंच पोलिसांनीं सुमारें १३,००० यहुद्यांना पकडलें. त्यांत ४,००० हून अधिक मुलें होतीं. ‘लेव्ही आणि कंपनी’ ही पाटी वाचून पॅरिस हंसलें त्याला तेव्हां पुरतीं बारा वर्षेंहि झालीं नव्हतीं.

एका विनोदपटामुळें हा अनर्थ झाला असें म्हणणें हें स्वतःच हास्यास्पद होईल. ज्यांनीं ही कत्तल योजिली त्यांना हंसण्याची गरज नव्हती. आमचें म्हणणें याहून मर्यादित आहे. पाटी वाचली कीं माणूस कळला, ही संवय त्या विनोदानें लावली नसली तरी निर्धोक आणि गोड करून ठेवली. संवय तीच राहिली; पाटी लावणारा हात तेवढा बदलला.

हा बदल एका नटाच्या चेहऱ्यावर जसा उमटला आहे तसा इतिहासाच्या पुस्तकांतहि क्वचित्‌च उमटला असेल. मार्सेल दालियो हा रुमानियांतून आलेल्या यहुदी आईबापांचा पॅरिसमध्यें जन्मलेला मुलगा. जाँ रन्वार या श्रेष्ठ दिग्दर्शकानें १९३७ सालच्या ‘महान भ्रम’ या युद्धपटांत त्याला रोझेंथाल नांवाच्या धनाढ्य यहुदी अधिकाऱ्याची भूमिका दिली. रोझेंथाल श्रीमंत आहे, पण युद्धकैद्यांच्या छावणींत घरून आलेले खाद्यपदार्थ तो सर्वांना वांटून खातो. पुढें पळून जातांना पाय दुखावलेल्या रोझेंथालवर त्याचा सोबती चिडतो, आणि थकव्याच्या भरांत यहुद्यांविषयींचा मनांतला तिटकारा बाहेर टाकतो. मग शरमेनें परत येऊन त्यालाच हात देतो. येथें पूर्वग्रह हा यहुद्याचें लक्षण म्हणून येत नाहीं, तर बोलणाराचा डाग म्हणून येतो. १९३९ सालच्या ‘खेळाचा नियम’ या चित्रपटांत रन्वारनें त्याच दालियोला सरदार केलें. आणि हवेलीच्या स्वयंपाकघरांत नोकरमाणसें जेवतां जेवतां धन्याच्या आजोळचें यहुदी मूळ कुजबुजत उकरून काढतात, असा एक लहानसा प्रसंग त्यांत ठेवला. सरदाराचें वैभव, विनय, रसिकता हें सर्व एका कुजबुजीपुढें लटकें ठरतें. दालियो १९४० सालीं देश सोडून लिस्बनमार्गें अमेरिकेकडे निघाला. मागें पॅरिसमध्यें, यहुदी कसा ओळखावा हें जनतेला शिकविण्यासाठीं, भित्तिपत्रकांवर त्याचाच चेहरा छापण्यांत आला. ‘कॅसाब्लँका’ या १९४२ सालच्या प्रसिद्ध चित्रपटांत जुगाराच्या टेबलाशीं उभा असलेला जो माणूस दिसतो तो हाच.

याच दालियोला १९७३ सालीं जेरार उरी या दिग्दर्शकानें पॅरिसच्या विमानतळावर रब्बी म्हणून उतरविलें. ‘रब्बी जाकोबचीं साहसें’ हा तो चित्रपट. फ्रान्सांत ७० लाखांहून अधिक लोकांनीं तो पाहिला. उरी स्वतः यहुदी असून युद्धकाळांत त्याला स्वित्झर्लंडांत आश्रय घ्यावा लागला होता. संहितेच्या कामीं त्याची मुलगी दानिएल आणि जोझी एझेन्बेर्ग नांवाचे एक खरेखुरे रब्बी यांचें साह्य त्याला झालें.

कथानक प्रहसनाचें आहे. पिव्हेर नांवाचा एक तापट कारखानदार मुलीच्या लग्नासाठीं पॅरिसकडे धांवत सुटला आहे. ही भूमिका लुई द फ्युनेस या अफाट नटाची. पिव्हेरला परके चालत नाहींत. वाटेंत एका गोऱ्या वराचें आणि कृष्णवर्णीय वधूचें लग्न दिसतें. आपली मुलगी मात्र आपल्यांतल्याच मुलाला दिली, याचें त्याला समाधान वाटतें. आणि मग त्याला कळतें कीं वर्षानुवर्षें आपली मोटार हांकणारा शोफर यहुदी आहे. या शोफरचें नांव सालोमों. १९३० सालच्या दुकानदाराचें नांव आणि १९७३ सालच्या नोकराचें नांव एकच असावें हा कदाचित्‌ योगायोग असेल. परंतु दोघांच्या स्थितींतला फरक योगायोगाचा नाहीं. शुक्रवारचा सूर्य मावळतो, मोटार तलावांत उलटी पडली आहे, धनी हुकूम सोडतो आहे, आणि सालोमों शांतपणें सांगतो कीं शब्बाथ सुरू झाला, आतां काम नाहीं. पिव्हेर त्याला तिथल्यातिथें नोकरीवरून काढतो. पडद्यावर हंशा उसळतो, पण तो सालोमोंच्या धर्मनिष्ठेवर नव्हे. जगावर सत्ता चालते अशा भ्रमांत हातपाय आपटणाऱ्या पिव्हेरवर. पैशाची, कारखान्याची आणि हुकमतीची घाई ज्याला आहे तो या चित्रपटांत यहुदी नाहीं. हार्पागोंचा वारसा उरीनें पुन्हां एका फ्रेंच गृहस्थाच्या हवालीं केला आहे.

पुढें पिव्हेर एका च्युइंगमच्या कारखान्यांत शिरतो, हिरव्या रबडीच्या कुंडांत बुडतो, अरब क्रांतिकारक स्लिमान याच्यासह मारेकऱ्यांपासून पळत विमानतळावर येतो, आणि दोन रब्बींचे झगे, दाढ्या व टोप्या घालून निसटूं पाहतो. तेवढ्यांत न्यूयॉर्कहून येणाऱ्या पूज्य जाकोबला उतरवून घेण्यास आलेलें श्मोल कुटुंब त्याला गांठतें, मिठ्या मारतें, आणि ‘रू दे रोझिए’ या पॅरिसच्या जुन्या यहुदी रस्त्यावर मिरवीत नेतें. आमच्या मतें चित्रपटाचें सारें रहस्य येथें आहे. दाढी आणि टोपी चढविली कीं पिव्हेर रब्बी होतो. घरचीं माणसेंसुद्धां फसतात. आणि खरा जाकोब, म्हणजे तोच दालियो, ज्याचा चेहरा एकदां ‘असा असतो यहुदी’ म्हणून भिंतीभिंतीवर लावला होता, त्यालाच लोक भलताच कोणी समजून त्रास देतात. पाटीवरून माणूस ओळखतां येतो, या समजुतीचा याहून समूळ उपहास आमच्या पाहण्यांत नाहीं. ह्युगोंचा विनोद ओळख पटण्यावर उभा होता. उरीचा विनोद ओळख न पटण्यावर उभा आहे.

त्या रस्त्यावरचें नृत्य ज्यानें पाहिलें तो तें विसरणार नाहीं. मूळ रस्त्यावर चित्रण न करतां सें-दनी या उपनगरांत त्याची प्रतिकृति उभारली होती. संगीत व्लादिमीर कोस्मा यांचें, नृत्यरचना इलान झावी यांची. पिव्हेरला एकहि पाऊल ठाऊक नाहीं. प्रथम तो भीतीनें नाचतो, मग नकलेनें नाचतो, आणि हळूहळू फ्युनेसच्या त्या ताठ, रागीट शरीरांत एक प्रकारचा आनंद शिरूं लागतो. भोंवतालीं दुकानें आहेत, दुकानदार आहेत. पण कोणी कांहीं विकीत नाहीं. ते टाळ्या वाजवीत आहेत. चाळीस वर्षांपूर्वीं ज्यांच्या गल्ल्यावरून हंशा पिकत होता, ते आतां पाहुण्याच्या स्वागतांत गुंतलेले यजमान आहेत, आणि अडाणी पाहुणा तो आपण.

‘आपण’ हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. विनोदकार स्वतः त्या समाजांतला असला कीं विनोद शुद्ध झाला, असें पुष्कळांना वाटतें. तें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं. स्वजनांच्या व्यंगांचा बाजार मांडून परक्यांना हंसविणारे सर्व समाजांत असतात. श्रीपाद कृष्णांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’ची थोरवी ते आपल्या समाजाला हंसले एवढ्यांतच नाहीं; त्यांतला सुदामा हा बंडूनाना आणि पांडूतात्या यांच्याबरोबर त्या मूर्खपणांत स्वतः सामील आहे, यांत ती आहे. उरीनेंहि तेंच केलें. त्यानें फ्रेंच प्रेक्षकाला सालोमोंसमोर न बसवितां पिव्हेरच्या अंगांत बसविलें.

चित्रपटांत दोष नाहींत असें नाहीं. त्यांतले यहुदी बहुतेक दाढीटोपीचे. साध्या पोशाखांत कचेरींत जाणारा, शनिवार न पाळणारा यहुदी, जो फ्रान्सांत विपुल आहे, तो येथें फारसा भेटत नाहीं. स्लिमानला वगळलें तर अरब पात्रें सरधोपट मारेकरी आहेत. म्हणजे एका दाराची उधारी फेडतांना उरीनें दुसऱ्या दारांत थोडीशी केलीच. पिव्हेरचें परिवर्तन विचारानें न होतां पळापळीनें होतें. आणि स्लिमान व सालोमों यांचें हस्तांदोलन फारच स्वस्तांत पार पडतें. चित्रपट १८ ऑक्टोबर १९७३ रोजीं प्रदर्शित झाला, तेव्हां इस्रायल आणि अरब राष्ट्रें यांचें युद्ध सुरू होऊन बारा दिवस झाले होते. त्याच दिवशीं चित्रपटाच्या प्रसिद्धिप्रमुखाच्या पत्नीनें प्रदर्शनाला विरोध म्हणून एक फ्रेंच विमान बंदुकीच्या धाकानें अडविलें, आणि ती पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडली. पुढें ९ ऑगस्ट १९८२ रोजीं खऱ्या रू दे रोझिएवरील एका यहुदी उपाहारगृहावर हल्ला होऊन ६ माणसें मेलीं. पडद्यावरच्या नृत्यानें खऱ्या रस्त्याचें रक्षण झालें नाहीं.

परंतु विनोदाकडून रक्षणाची अपेक्षा करणें हीच चूक आहे. विनोद हा पहारेकरी नव्हे. त्यानें चोराला घराची खूण सांगूं नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा करतां येते. म्हणून एखादा विनोद चांगला कीं वाईट हें ठरवितांना, त्यांत कोणत्या समाजाला हंसलें आहे असा प्रश्न आम्ही आतां विचारीत नाहीं. हंसण्यापूर्वीं प्रेक्षकाला काय खरें मानावें लागतें, असा प्रश्न विचारतों. ‘लेव्ही आणि कंपनी’ला हंसण्यासाठीं लेव्हींविषयीं कांहीं तरी आधींच मानावें लागतें, पिव्हेरला हंसण्यासाठीं कांहींच मानावें लागत नाहीं, उलट मानलेलें कांहीं सोडावें लागतें.

तो नाटकाचा भाग आम्ही अजूनहि वर्गांत वाचतों. फक्त आतां वर्ग हंसूं लागला कीं आम्ही स्वतः थोडे थांबतों, आणि मागून कोण हंसतें तें पाहतों.